पोकळ गोल

क्रोस्नोच्या हॉलमध्ये, एंडलाइनच्या मागे,
लुत्सिना घरून आणलेल्या खुर्चीवर बसते.
मांडीवर वही, वहीवर हात,
आणि डोळे…
डोळे वहीवर नसतातच.

शेजारी मी. लॅपटॉप. तिसरी आवृत्ती.
"आधी खेळाडू," मी सांगतो, "मग क्रिया, मग दर्जा.
तीन टिचक्यांत एक स्पर्श नोंदला."
"म्हणजे तीनदा खाली बघायचं?
तेवढ्यात चेंडू पलीकडे जाऊन परत आलेला असतो."

सव्वीस वर्षं तिने काचकारखान्यात
पेले उजेडापुढे धरले.
बुडबुडा दिसला की डावीकडे,
नाही दिसला की उजवीकडे.
हात आपापल्या वाटेने जायचे,
डोळा उजेडातून हलायचा नाही.
"तुझ्या पडद्याला," ती म्हणते, "ना कड, ना खाच.
आपण कुठे आहोत, हे बोटाला कळावं कसं?"

म्हणून मी रंग पुसले.
ती निळी छटासुद्धा, जिच्यावर आख्खा आठवडा घालवला होता.
गोल कोपऱ्यांची बटणं गेली, त्यांच्या सावल्या गेल्या.
धूळ झटकून जुना कीबोर्ड आणला,
एफ आणि जे वरच्या दोन उंचवट्यांसकट.
सर्व्हिस तर्जनीला. पास मधल्या बोटाला.
चूक करंगळीला,
कारण करंगळी उगाच कधी खाली जात नाही.
अंगठ्याला 'मागे घे'.
"रेफरी घेतो का मागे?" तिने विचारलं.
"घेतो, व्हिडिओ बघून."
ती हसली नाही.

रविवार. बाहेर बर्फाचा चिखल.
दुसरा सेट, बावीस-बावीस.
सानोकच्या सात नंबरने उडी घेतली,
हात पूर्ण उगारला,
आणि चेंडू नुसता ढकलला.
आमची लिबेरो कालिना, आमची ओतिलिया,
दोघींच्या बरोबर मधे तो पडला,
कुणी टेबलावर पेला ठेवावा, तसा.
दोघी एकमेकींकडे बघत उभ्या.

माझा पडदा तिथेच अडला.
खेळाडू क्रमांक? खेळाडू क्रमांक?
खेळ पुढे गेला, कर्सर लुकलुकत राहिला.
लुत्सिनाने वहीत नऊ आणि पाच यांच्या मधे
एक पोकळ गोल काढला
आणि ती पुढच्या सर्व्हिसवर गेली.

त्या रात्री मी एक कळ वाढवली.
शून्य. नाव: कुणाचाच नाही.
इतकी आवडली की झोप येईना.
वडिलांचं चष्म्याचं दुकान बुडालं तेव्हा
घरात वर्षभर जे चाललं होतं,
तेव्हा असती ही कळ, तर
मी तिची खूण झिजवून टाकली असती.

मंगळवारी दाखवली.
तिने चष्मा कपाळावर सरकवला.
"कुणाचाच नाही? असं कुठे असतं का रे?
गोल म्हणजे विचारायचं राहिलंय."
सरावानंतर, बुटांच्या नाड्या सुटत असताना,
ती दोघींना वेगवेगळं गाठते.
काय केलंस, असं नाही विचारत.
काय ऐकलंस, असं विचारते.
कालिना 'माझा' म्हणाली होती.
पण इतकं हळू,
की ओतिलियाला तो प्रश्न वाटला.

वहीतल्या त्या गोलात आता
मुंगीएवढ्या अक्षरांत एक शब्द आहे: आवाज.

चौथी आवृत्ती.
शून्य तसंच ठेवलं, नाव बदललं: विचारायचंय.
सामना संपला की चार-पाच ओळींची यादी उघडते.
कोच म्हणतात, हे टक्केवारीत कुठे बसतं?
नाही बसत.
लुत्सिना यादी वाचते, मग तरीही वही काढते.
कीबोर्डवर बोटं ठेवून, समोर कोर्टाकडे बघत,
ती एकदा चाचपडते, दोनदा चाचपडते.
"फार लांब आहे रे हे शून्य.
जवळ आण."